फ्यूजवरची तार

सोमवारपासून मला पुन्हा कामावर जायचं होतं. पीथमपूरच्या औषध कंपनीची बस सकाळी लवकर इंदौरच्या राजेंद्र नगरच्या चौकात येते, माझा नवरा सुशांत त्याच्या ऑफिसला निघतो आणि सासूबाई त्यांच्या शाळेत जातात. त्या दुपारी परत येईपर्यंत घरात दोघंच उरणार होते, माझी तीन वर्षांची स्पृहा आणि माझे सासरे, बाबा. घरच्यांच्या दृष्टीने हे कधीच ठरून गेलं होतं. माझ्या दृष्टीने ठरलेलं नव्हतं, आणि तसं मी कोणाला बोललेही नव्हते.

बोलणार तरी काय? बाबा एकदा शेजाऱ्यांच्या कुलपात आपली किल्ली घालून रागारागाने फिरवत उभे होते, हे? आमच्या गल्लीतली सगळी घरं एका साच्यातली आहेत, कोणाचंही होऊ शकतं. स्पृहाला अंघोळ घातली असं त्यांनी मला ठासून सांगितलं आणि तिच्या कानामागे सकाळची पावडर तशीच होती, हे? "वय झालं गं त्यांचं," सासूबाई म्हणायच्या. इतर वेळी त्याच म्हणायच्या, "यांना काय धाड भरलीये? अजून वीस वर्षं बघायचं काम नाही."

अशात मनीषचा फोन आला. मनीष म्हणजे सुशांतचा चुलतभाऊ. त्याचं गेम पार्लर बंद पडून खूप वर्षं झाली. तिथलं एक पिनबॉलचं जुनं मशीन देपालपुरला त्याच्या सासऱ्यांच्या गोदामात गव्हाच्या पोत्यांमागे पडून होतं आणि आता गोदाम रिकामं करायचं होतं. "भिया, कबाडीला देऊन टाकू का काकांना पाहिजे? खेळ चालतो, बस लाइटी लागत नाहीत."

सुशांत नकोच म्हणत होता. मी म्हटलं, "आणू या ना. बाबांचं मन रमेल."

बाबांची अख्खी नोकरी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये गेली. माझ्या कंपनीच्या लॅबमध्ये एखाद्या यंत्राचा भरवसा वाटेनासा झाला की त्याला असा नमुना देतात ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. उत्तर बरोबर आलं तर यंत्र ठीक. मला बाबांना तसा नमुना द्यायचा होता. म्हणून स्पृहा दुपारी झोपली की मी कानात इअरफोन घालून जुन्या पिनबॉलचे दिवे कसे दुरुस्त करतात त्याचे व्हिडिओ बघायला लागले. बाबांनी एखादी पायरी गाळली तर ती मला कळायला हवी होती.

मशीन शनिवारी सकाळी टेम्पोतून आलं. चार पायांवरचं तिरपं टेबल, वर काच, काचेखाली खुंट्या, कमानी आणि लोखंडी गोळी. दोन्ही बाजूंना बटणं. बटण दाबलं की आतली छोटी पाती फटकन उडते आणि घरंगळत आलेल्या गोळीला परत वर पिटाळते. मागच्या उभ्या पेटीच्या काचेवर एक दाढीवाला समुद्री चाचा रंगवलेला. सगळ्याला गोदामाचा, गव्हाच्या भुशाचा वास. ते दिवाणखान्यात मावेना म्हणून सुशांतने आणि टेम्पोवाल्याने ते ओटीवर लावलं.

"अमेरिकन माल आहे," बाबा म्हणाले. "आपल्या करंटवर लावलं तर धूर निघेल. मनीषने ट्रान्सफॉर्मर दिला का?" दिला होता. मी मनातल्या मनात एक खूण केली.

मशीन सुरू झालं. आकडे फिरले, गोळी उसळली, पाती उडाल्या, आणि टेबल मात्र काळंठिक्कर. चाचाही अंधारात. स्पृहा स्टुलावर चढून काचेला नाक लावून बसली होती. "आजोबा, दाढीवाले काका झोपले?"

"झोपलेत. उठवू आपण त्यांना. पहिले प्लग काढायचा, मग काच, मग हात." बाबांनी प्लग काढून आपल्या शर्टाच्या खिशात खोचला, म्हणजे कोणी चुकून लावणार नाही. मी गहू निवडत दारातच बसले होते. दुसरी खूण.

"ऋजुता, सांग बघू, आता काय तपासायचं?"

"बल्ब?"

"हं, सगळे तेच म्हणतात. अगं, इतके बल्ब एकसाथ थोडेच मरतात? ते काय सत्संगाला बसलेत?" तरी त्यांनी दोन-तीन बल्ब काढून टॉर्चच्या सेलला लावून पाहिले. लागले. "म्हणजे बल्बांपर्यंत करंटच येत नाही. एकसाथ गेले तर कारण एकच असणार आणि ते मागे असणार, मुळाशी."

मग त्यांनी मागची पेटी उघडली आणि काचेचा छोटा फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला. "कसा दिसतो?"

"चांगला दिसतोय. आतली तार शाबूत आहे."

"दिसतो चांगला." मीटरच्या दोन्ही सुया त्यांनी फ्यूजच्या टोकांना लावल्या. काटा हललाच नाही. "टोपणाच्या आत तुटलाय. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, बेटा. आणि आणखी एक. फ्यूज उगाच जात नसतो. का गेला ते आधी शोधायचं, मग नवा टाकायचा. आपली लोकं काय करतात? तांब्याची तार गुंडाळतात. लागला दिवा, चल भिया! अरे, फ्यूज मरतो म्हणून घर वाचतं. तुम्ही त्याला मरूच देत नाही."

एकही पायरी त्यांनी गाळली नव्हती. व्हिडिओतला माणूस तरी एकदा अडखळला होता. माझ्या मांडीवरच्या ताटातले गहू एकदम धूसर दिसायला लागले. मी पदराने नाक पुसलं आणि म्हटलं, "बाबा, चहा टाकू?"

नवा फ्यूज महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिळाला असता, पण सुशांतला जायला संध्याकाळ झाली आणि त्याला पाहिजे त्या मापाचा मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, मागवून देतो, मंगळवारी या. बाबा ठीक आहे म्हणाले. मी त्या दिवशी कामावर घालायच्या कपड्यांना इस्त्री केली.

रविवारी दुपारी सुशांत आत लोळत होता, सासूबाई पेपर तपासत होत्या आणि मी स्पृहाच्या फ्रॉकची उसवलेली शिवण घालत होते. ओटीवरून स्पृहाचा ओरडा आला, "लागले! लागले! आई, काका उठले!"

सगळे धावलो. मशीन लखलखत होतं. लाल, पिवळे, हिरवे दिवे, चाचाची दाढी केशरी झालेली, स्पृहाच्या गालांवर रंग. बाबा दोन्ही बटणांवर बोटं ठेवून वाकून खेळत होते. "क्या बात है, बाबा!" सुशांत म्हणाला आणि मोबाईल काढून व्हिडिओ घ्यायला लागला. मीही टाळ्या वाजवल्या. हात वाजत होते आणि डोक्यात चाललं होतं, फ्यूज तर मंगळवारी येणार आहे.

"बाबा, फ्यूज कुठला टाकला?"

"हं?" ते खेळत राहिले. "हे बघ, गेली, गेली... पकडली!"

वास मला सगळ्यांच्या आधी आला. आधी मला तो गोदामाचाच वाटला. मग त्यात काहीतरी गोडसर, जळकं मिसळलं, प्लास्टिकच्या खेळण्यावर निखारा पडावा तसं. उजवीकडचे दिवे फडफडले आणि गेले. स्पृहाचं नाक काचेलाच होतं. बाबांनी "अरे, याला काय झालं?" म्हणत मागची पेटी उघडली आणि हात आत घातला.

प्लग भिंतीत होता.

"बाबा, हात!" मी ओरडले. एका हाताने स्पृहाला स्टुलावरून ओढलं, दुसऱ्याने भिंतीतला प्लग उपटला. स्पृहाचं कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं आणि ती रडायला लागली. बाबा माझ्याकडे चमकून बघत राहिले. "अगं, किती जोरात ओढलंस पोरीला."

मग त्यांनी आत बघितलं. फ्यूजपासून निघणाऱ्या तारा जिथे एका पांढऱ्या जोडणीत घुसत होत्या, तिथलं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. त्यांनी फ्यूज खेचून काढला. त्याच्या काचेभोवती तांब्याची तार नीटस गुंडाळलेली होती, वेटोळ्याला वेटोळं चिकटवून, दोन्ही टोकं चपटी दाबून.

"हे कोणत्या गाढवाने केलं?" बाबांचा आवाज चढला. "मनीष! त्याच्या पार्लरवाल्यांनी केलं असणार. जानवर साले. म्हणूनच जळलं ना!"

काल हाच फ्यूज माझ्या तळहातावर होता. स्वच्छ होता. काचेतून आतली तार मीच बघितली होती.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या बाबांच्या शर्टाकडे बघत होत्या. खिशातून एका जुन्या वायरचं सोललेलं टोक बाहेर आलं होतं, तांब्याचे केस पिंजारलेले. त्या पुढे झाल्या, ते टोक बोटाने खिशात आत ढकललं आणि म्हणाल्या, "मनीषच तो. आणखी कोण? चला, हात धुवा तुम्ही."

मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. सुशांत बाहेर स्पृहाला उगी करत होता.

"आई, तुम्हाला माहितीये हे मनीषने नाही केलं."

त्यांनी कुकरला शिटी लावली. "डाळ गोडाची करू का तिखटाची?"

"आई."

"माहितीये गं," त्या हळूच म्हणाल्या. "गेल्या नवरात्रापासून माहितीये. कधी एकदम चोख असतात. काल तू बघितलंस ना, तसे. आणि कधी मधलं पानच गळून जातं. मी प्रत्येक तासानंतर शाळेतून फोन करते. गॅसचं बटण मी खालूनच बंद करून जाते. तुझ्या लक्षात आलं नाही?"

आलं होतं. मला वाटायचं, काटकसर.

"आणि तरी तुम्ही म्हणालात, स्पृहाला यांच्याजवळ ठेव?"

"अगं, म्हणूनच तर." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तू कामावर गेलीस की घरात ते एकटेच उरणार, ऋजुता. पडले-झडले, कुठे निघून गेले तर मला कळणार कसं? स्पृहा असली की जीव असतो ना कोणीतरी घरात. ती हुशार आहे. मी तिला शिकवलंय, आजोबांच्या मोबाईलवर माझा फोटो दाबला की आजीला फोन लागतो. तू बाजारात गेलेली असताना तिने दोनदा लावलाही. एकदा 'आजोबा बाहेर चालले' म्हणून."

कुकर नुसताच सूं सूं करत होता. मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणाल्या ते. इतके दिवस मला भीती होती की आजोबा नातीला नीट सांभाळतील की नाही. आणि इथे नातीलाच आजोबांची राखण दिली होती. तीन फुटांची माझी पोर, जिला अजून चपलेचा पट्टा लावता येत नाही.

"ती तीन वर्षांची आहे, आई."

"मग मी काय करू?" त्यांच्या हातातली पळी ओट्यावर पडली. "नोकरी सोडू? माझी अजून दोन वर्षं राहिलीत. यांना सांगू, तुमचं डोकं चालत नाही? ते जेवायचे बंद होतील. सुशांतला सांगितलं तर तो म्हणणार, आई, तू टेन्शन घेते. तुला सांगणार होते. पण तू अशी टक लावून बघत असतेस सगळ्यांकडे, तुझी भीतीच वाटते बाई."

मी स्पृहाच्या कोपराला लावायला बर्फ घेतला आणि बाहेर आले.

सुशांतला गच्चीवर गाठलं, वाळत घातलेले कपडे काढताना. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसलाच. "तार गुंडाळली म्हणजे काय डोकं गेलं? अख्खं इंदौर गुंडाळतं."

"अख्खं इंदौर गुंडाळतं आणि विसरत नाही. आणि काल बाबा त्याच लोकांना शिव्या देत होते."

"पोरगी मागे लागली असेल, आजोबा लाइट, आजोबा लाइट. केलं असेल पटकन. नंतर लाज वाटली म्हणून मनीषवर ढकललं. तू पण ना, सीआयडी झालीये."

"त्यांनी चालू मशीनमध्ये हात घातला, सुशांत."

तो स्पृहाचा एक मोजा हातात धरून दुसरा शोधत राहिला. "मग काय करायचं म्हणते? त्यांना तोंडावर सांगायचं? तूच सांग मग. मला नाही जमणार." आणि मग, दोरीकडे बघतच, "परवा ते मला सुधाकर म्हणाले. स्वतःचंच नाव. मी म्हटलं, मस्करी करून राहिले असतील."

संध्याकाळी मी पलीकडच्या गल्लीतल्या पद्मजाताईंना फोन केला. त्या घरीच लहान मुलं सांभाळतात. जागा होती. फोन ठेवला तेव्हा बाबांनी ओटीवरून हाक मारली.

ते मशीनसमोर स्पृहाच्या स्टुलावर बसले होते. प्लग भिंतीतून काढलेला, फ्यूज हातात. चष्मा कपाळावर.

"ऋजुता, काल मी हा फ्यूज तुझ्या हातात दिला होता?"

"हो, बाबा."

"तेव्हा याच्यावर तार होती?"

मी जिभेवर आलेलं एक खोटं गिळलं. "नव्हती."

"नक्की?"

"तुम्ही मीटर लावलं होतंत. त्याची काच दिसत होती मला."

"बरोबर. तार असती तर काटा हलला असता." त्यांनी मान हलवली, जणू मी त्यांच्या वर्गातली मुलगी. "नंतर मशीन कोणी उघडलं? सुशांतने?"

"नाही. तो हातही लावत नाही."

"शोभनाने तर नाहीच," ते सासूबाईंबद्दल म्हणाले. "तू?"

"मी नाही, बाबा."

त्यांनी खिशात हात घातला आणि ती सोललेली वायर काढून फ्यूजशेजारी धरली. तांब्याचे केस तसेच, तेवढेच बारीक. बराच वेळ ते दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिले.

"मला काहीच आठवत नाहीये," ते म्हणाले. "गुंडाळताना... एवढी नीट गुंडाळलीये मी. काहीच नाही." त्यांचा अंगठा वेटोळ्यांवरून फिरत होता. "स्पृहा कुठे होती तेव्हा?"

"स्टुलावर. काचेला नाक लावून."

ते स्टुलावरून उठले. "मग नको. माझ्याजवळ नको ठेवू तिला. शोभनाला मी सांगतो. तू नको बोलू, ती उगाच तुझ्यावर चिडेल."

मी मान डोलावली. मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्या गोष्टीसाठी मी आठवडाभर पाळत ठेवली ती त्यांनीच करून टाकली होती. जेवताना मी वाट बघत होते, ते बोलतील. ते डाळीत लिंबू पिळत मनीषच्या लग्नात झालेला घोटाळा सांगत होते, आणि सासूबाई हसत होत्या.

सोमवारी सकाळी मी स्पृहाची पिशवी भरून ओटीवर आले, तर बाबा अंघोळ करून, भांग पाडून तयार. "ये गं चिमणे, आज आपण दिवे लावू. ऋजुता, तू निघ, बस चुकेल."

स्पृहा त्यांच्याकडे धावली. मी तिचा हात धरला.

"बाबा, ती आजपासून पद्मजाताईंकडे जाणार आहे."

"पद्मजाकडे? का? मी काय मेलोय?"

"आपलं काल ठरलं."

"काय ठरलं? कोणाशी ठरलं?" त्यांनी आत हाक मारली. "शोभना! ही काय म्हणते बघ. परस्पर पोरीला परक्या घरी टाकून येतेय."

सासूबाई साडीचा पदर खोचत दारात आल्या. सुशांत त्यांच्या मागे, टूथब्रश तोंडात. पिशवीचा पट्टा माझ्या खांद्यावरून घसरत होता. काल ज्यांनी निवाडा दिला तेच समोर उभे राहून मला जाब विचारत होते, आणि माझ्याशिवाय त्या निवाड्याला साक्षीदार नव्हता.

"बाबा, फ्यूजवर तार तुम्ही गुंडाळली होतीत," मी म्हटलं. "मशीन जळायला लागलं. तुम्ही चालू मशीनमध्ये हात घातलात. स्पृहा तिथेच होती. संध्याकाळी तुम्हीच शोधून काढलंत, आणि तुम्हीच म्हणालात, माझ्याजवळ नको."

"मी?" त्यांचा चेहरा लाल झाला. "मी तार गुंडाळली? जन्मभर पोरांना मी हेच शिकवलं की... तुला लाज नाही वाटत? नोकरीच्या नादात सासऱ्याला वेडा ठरवतेस? शोभना, सांग हिला. मनीषने केलं ना ते? तूच म्हणालीस!"

सासूबाईंनी चौकटीला हात टेकला. माझ्याकडे बघितलं नाही.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "तुम्हीच गुंडाळली होती."

बाबांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलेलं मला चाललं असतं. मग ते वळले, आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. कडी लावली नाही, पण दार लोटून घेतलं.

सुशांत ब्रश तोंडातून काढून बेसिनकडे न जाता तसाच उभा होता. "मी आज घरीच थांबतो," तो म्हणाला. फेसामुळे ते नीट कळलंही नाही.

"आज मी थांबते. शाळेत कळवलंय," सासूबाई म्हणाल्या. त्या मशीनवरचा काल राहिलेला स्क्रूड्रायव्हर उचलून उगाच पुसत होत्या. "दुपारपर्यंत विसरतील सगळं. मला विचारतील, स्पृहा कुठेय." त्यांनी स्क्रूड्रायव्हर पदरात गुंडाळला. "जा तू. बस चुकेल. उद्या मी सांगीन त्यांना."

मी स्पृहाला कडेवर घेतलं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"आजोबा आपल्यावर रागावले?" तिने गल्लीच्या वळणावर विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि पद्मजाताईंच्या घराकडे वळले.